अर्धा फेरा

गोंदियाजवळच्या मुर्रीत त्या घरात राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी मला साधा चहा करता आला नाही. गॅसचा रेग्युलेटर हलेना, साखरेच्या डब्याचं झाकण निघेना, आणि मोरीतला नळ असा आवळलेला की दोन्ही हातांनी जोर लावला तरी थेंब नाही. मला वाटलं, प्रवासाने माझ्याच हातातलं बळ गेलं. शेवटी नाक मुठीत धरून खाली गेले आणि घरमालकीणबाईंना विचारलं. त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच कोनाड्यातला एक पाना काढून माझ्यापुढे ठेवला. तुमचं सामान लावायला हे वर आले होते ना, म्हणाल्या, म्हणजे सारं आवळलेलंच असणार, पाना तुमच्याजवळच राहू द्या. माझ्या स्वयंपाकघरात मग लाटण्याच्या शेजारी पाना टांगलेला असायचा. अमरावतीहून आई आली की ती आधी त्या पान्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

'हे' म्हणजे आमचे घरमालक. मी त्यांना काकाजी म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. मी गोंदियातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे, वरच्या दोन खोल्यांत एकटी राहायचे. खाली ते दोघंच. मूलबाळ नव्हतं. थोडं धानाचं शेत होतं, एक म्हैस होती, आणि काकाजींच्या शर्टाच्या खिशात, बाकीची माणसं पेन ठेवतात तिथे, एक पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला खाली बारीक भोक पडलेलं असायचं. काकू ते शिवून शिवून कंटाळल्या आणि एकदा त्यांनी खिसाच उसवून काढला. दुसऱ्या दिवशी पेचकस कानावर दिसला.

यावरून काकाजी मोठे कारागीर होते असं कुणाला वाटेल, तर तो गैरसमज आधीच दूर करते. त्यांना दुरुस्ती अजिबात येत नव्हती. त्यांना फक्त आवळता येत होतं. पंखा बंद पडला की ते त्याचे स्क्रू आवळत, रेडिओ खरखरला की रेडिओचे आवळत, आणि एकदा म्हैस दूध देईना तर त्यांनी गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्या आवळून पाहिल्या होत्या. गोंदियाच्या बाजारातला हार्डवेअरवाला त्यांना लांबून येताना पाहूनच नळाचे वॉशर काढून ठेवायचा. माझी स्कूटर सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मेकॅनिक ऑइलच्या झाकणाशी घाम फुटेस्तोवर झटला आणि मला म्हणाला, "मॅडम, ये किसने कसा? किसी पहलवान ने?" मी म्हटलं, घरमालकांनी. तो म्हणाला, मुर्री में रहते हो क्या? म्हणजे कीर्ती तिथवर पोचलेली.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. अर्जुनी मोरगावकडच्या एका तलावावर, पाटबंधारे खात्यात, गेटावरचा माणूस म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. कालव्याला पाणी सोडायचं की मोठं लोखंडी चाक फिरवून गेट वर घ्यायचं, पाणी बंद करायचं की चाक उलटं फिरवून खाली सोडायचं. एवढंच काम. पण त्यात त्यांनी स्वतःची एक रीत घातली होती. गेट बंद झाल्यावर घरी जायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि संध्याकाळी परत येऊन चाकाला आणखी अर्धा फेरा द्यायचा. हा अर्धा फेरा खात्याच्या कुठल्याच नियमात नव्हता. एका इंजिनियरने त्यांना त्यावरून झापलंही होतं, की असं करून गेटाचा दांडा वाकेल. काकाजींनी मान डोलावली आणि संध्याकाळी जाऊन अर्धा फेरा दिला. मला त्यांनी त्यामागचं शास्त्र एकदा समजावलं होतं. "बसवलेलं ढिलं होतेच, मॅडम. पानी काही झोपत नाही जी."

निवृत्त झाल्यावर तलाव मागे राहिला, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. दिवेलागणीला काकाजी घरात फेरी मारायचे. गॅस, नळ, कुकरची मूठ, लोणच्याची बरणी, दाराच्या कड्या, खाटेचे बोल्ट, काकूंच्या चष्म्याच्या काड्या, प्रत्येकाला अर्धा फेरा. त्यात दोन बरण्या फुटल्या, चष्मे तर किती मोडले कोण जाणे. काकू वैतागायच्या, बोलायच्या, आणि मग गप्प बसायच्या. त्यांच्या घरात आपापसात पोवारी बोली चालायची, त्यामुळे त्या नेमकं काय बोलत ते मला सगळं कळत नसे, पण सुरावरून अंदाज यायचा. एक मात्र सांगायला हवं. मला शाळेतून यायला उशीर झाला की काकाजींची फेरी फाटकापाशीच अडायची. मी आल्याशिवाय फाटकाची कडी कशी आवळणार, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेच्या दिवसांत मी अंधार पडून गेल्यावर यायचे आणि हे फाटकाशी उभे, हात मागे बांधून, जसं काही हवा खायलाच आलेत. गावापासून लांब एकटी राहणाऱ्या बाईला याचा केवढा आधार वाटतो ते मी कुणाला सांगत बसत नाही.

नागऱ्याच्या महादेवाचा प्रसंग तर सगळ्या मुर्रीला माहीत होता. श्रावणातला सोमवार, मंदिरात ही गर्दी, मी आणि काकू रांगेत पुढे, काकाजी आमच्या मागे. पिंडीवर अभिषेकाचं तांब्याचं भांडं टांगलेलं, त्याला खाली बारीक तोटी, आणि थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत होतं. आम्ही हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा थेंब थांबलेले होते आणि काकाजी समाधानाने हात पुसत होते. पुजारी धावत आला. त्याने तोटी फिरवून पाहिली, ती फिरेना. मागची रांग ओरडायला लागली. काकाजी शांतपणे सांगत होते की गळून राहिलं होतं जी, मी बंद केलं. पुजाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला आणि ते गळण्यासाठीच असतं असं चढ्या आवाजात सांगितलं. परतीच्या रिक्षात काकाजी बराच वेळ विचार करत होते. शेवटी म्हणाले की गळायचंच होतं तर त्याला तोटी कायले लावली?

तर अशा माणसाच्या छातीत पेसमेकर बसवायची वेळ आली.

धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस होते. काकाजी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे होते आणि उभ्या उभ्या खाली बसले, मग आडवे झाले. चिखलातल्या बायांनी उचलून आणलं. शुद्ध आली तेव्हा त्यांना काही झालंच नव्हतं, ऊन लागलं म्हणे, आणि आभाळ तर भरून आलेलं. पुढच्या आठवड्यात न्हाणीत पडले. गोंदियाच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि तसंच नागपूरला धाडलं. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते आणि मधूनच थांबत होते. वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याला जो हुकूम जायला हवा तो वाटेतच अडत होता. काकाजींना हे फार पटकन समजलं. वरून आदेशच आला नाही तर गेटावरचा माणूस पाणी कसं सोडणार, असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं.

नागपुरात डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेढ्याएवढी चपटी डबी बसवली. तिच्यातून निघालेली तार शिरेतून थेट हृदयात. ठोका चुकला की डबी तारेतून इशारा देणार आणि हृदय चालणार. हे लाखो लोकांना बसवतात आणि ते वर्षानुवर्षं मजेत राहतात. डॉक्टरांनी सूचना दिल्या. डावा हात काही आठवडे जास्त वर नेऊ नका, ओझं उचलू नका, जखम ओली करू नका. सगळं सांगितलं. हे कातडीखालचं यंत्र फिरवू नका, असं मात्र सांगितलं नाही. कोण सांगेल हो? असं काही सांगावं लागेल हे कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

घरी आल्यावर काकाजींचा भाव वधारला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते शर्टाचं वरचं बटण काढून डबी दाखवायचे, हात लावून पाहा म्हणायचे. मलाही म्हणाले, मी नको म्हटलं. माणसं यायची, बोट लावायची, बापा बापा म्हणायची, चहा घेऊन जायची. काकाजींचा हात बसल्या बसल्या खांद्याखाली जायचा. काकूंना वाटायचं जखम खाजते. मलाही तेच वाटलं, बरी होणारी जखम खाजतेच.

मग काही महिन्यांनी त्यांचा डावा खांदा उडायला लागला. एका तालात, टुक, टुक. काकाजी खूश. मशीन आता जोरात चालून राहिली, बाहेरूनही दिसते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. त्यानंतर उचकी लागली, तीही तालात. काकूंनी साखर दिली, पाणी दिलं, कोण आठवण काढतंय म्हणून सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन झाली. उचकी थांबेना. त्यात डबीवरची कातडी लाल होऊन तापायला लागली. आणि शेजारच्या लग्नात पंगतीला बसलेले असताना काकाजी पत्रावळीवरच कलंडले.

या वेळी मीही त्यांच्यासोबत नागपूरला गेले. काकू एकट्या कशा निभावणार? तिथे आधी मानेतल्या शिरेतून एक तात्पुरती तार हृदयात घातली आणि ती बाहेरच्या यंत्राला जोडली, तेव्हा कुठे ठोके जागेवर आले. मग एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि आम्हाला जवळ बोलावलं. तार हृदयातून ओढली जाऊन वर आली होती आणि डबीभोवती गुंडाळली गेली होती, चक्रीला मांजा गुंडाळतात तशी. म्हणून खांदा उडत होता, म्हणून उचकी. यंत्र बिचारं इमानदारीने ठोके देतच होतं, फक्त ते हृदयाला पोचत नव्हते.

डॉक्टरांनी काकाजींना हळूच विचारलं की तुम्ही हे फिरवता का.

काकाजी म्हणाले, "जास्त नाही जी. सांजेले फक्त अर्धा फेरा."

काकूंनी पदर तोंडाला लावला, त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. मी भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली आणि अगदी आदराने सांगितलं की असं करणारे पेशंट असतात, पण एवढ्या नियमाने करणारा त्यांनी पहिलाच पाहिला.

नर्सने पहिलं काम काय केलं, तर काकाजींच्या दोन्ही हातांना पट्ट्यांचे जाड बोळे बांधले. मानेतली तार त्यांच्या हाताला लागली असती तर खेळ खल्लास. दोन्ही हात पांढरे गोळे करून काकाजी पलंगावर बसलेले. नाकावर माशी बसली तरी काकूंनी उडवायची. मी आयुष्यात त्यांचे हात स्वस्थ पडलेले पहिल्यांदा पाहिले आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आता पुढे काय? डबीच्या जागी जंतू शिरले होते, त्यामुळे ती डबी आणि तार काढून टाकणं भाग होतं. दुसऱ्या बाजूला नवी डबी बसवली तरी जंतू तिथेही पोचण्याची भीती, आणि जंतू नाही पोचले तरी काकाजींचा हात पोचणारच. डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. बिनतारेचा पेसमेकर. मोठ्या कॅप्सूलएवढा लहान, मांडीच्या शिरेतून नळीने हृदयापर्यंत नेतात आणि हृदयाच्या आतच बसवून नळी काढून घेतात. बाहेर डबी नाही, तार नाही, खूण नाही. आधी औषधांनी जंतू पूर्ण जायला हवेत, मग बसवायचा. डॉक्टरांनी धोकेही लपवले नाहीत. क्वचित हृदयाच्या भिंतीला भोक पडतं आणि तातडीने छाती उघडावी लागू शकते. मांडीतून रक्त वाहू शकतं. क्वचित यंत्र सुटतं. सगळ्यांनाच हे यंत्र चालतं असंही नाही, कुणाला दोन कप्प्यांचा मेळ घालावा लागतो आणि त्यांना जुनंच बरं पडतं. बॅटरी बरीच वर्षं चालते, संपली की बहुधा जुनं तसंच ठेवून शेजारी नवं बसवतात. पण काकाजींसाठी हेच जास्त सुरक्षित आहे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

काकाजींनी शांतपणे ऐकलं आणि नको म्हणाले.

मग समजावण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला त्याने आमच्या नाकी नऊ आले. काकाजी ऐकायला तयारच नाहीत. जुनीच डबी धुऊन परत लावा म्हणत होते, मी हात लावणार नाही असा शब्द देत होते, आणि शब्द देता देता त्यांचा उजवा बोळा आपसूक खांद्याकडे जात होता. डॉक्टर एकदा सांगून गेले, परत येऊन सांगून गेले. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, त्याचाही उपयोग झाला नाही. मानेतली तार काही फार दिवस ठेवता येत नाही, आणि ती काढल्यावर हृदय पुन्हा आपल्या मर्जीने थांबणार होतं. काकू एका दिवसात वाळल्यासारख्या दिसायला लागल्या. मला संताप आला होता. एका हट्टापायी हा माणूस मरणार आणि ही बाई त्या घरात आवळलेल्या नळांशी एकटी झुंजत बसणार, असं माझ्या तोंडून निघूनही गेलं.

माझं बोलणं काकाजींनी मनावर घेतलं नाही. त्यांनी बोळ्यांकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात बोलले.

"मले भेव लागते, मॅडम. डब्बी होती तं हात ठेवला की समजे, आहे म्हनून. जराशी फिरवली की समजे, घट्ट आहे म्हनून. हे तं आतमधी. तेथी सुटलं तं मले कसं समजन?"

इतके दिवस आम्ही सगळे हसत होतो, सगळी मुर्री हसत होती, आणि हा माणूस रोज संध्याकाळी स्वतःच्या छातीवर हात ठेवून आपण अजून आहोत ना हे बघत होता. मला रडू आलं. मी खिडकीतून खाली रस्ता बघायला गेले.

काकू मात्र उठल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी एक बोळा आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्यासमोर म्हणून असेल, पोवारी सोडून मराठीत बोलल्या. "तुमचं काळीज तुमी कधी हातानं पाह्यलं होतं काय? मंग? बिना हाताचंच चाललं ना आजपर्यंत?"

काकू तशाच बसून राहिल्या, बोळा मांडीवर. चहावाला येऊन गेला, नर्स येऊन तारेचं यंत्र बघून गेली. मग काकाजींनी डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगितलं.

डॉक्टरांना त्यांनी एकच गोष्ट विचारली, की हे तिथे बसवता कसं. डॉक्टर म्हणाले, फिरवून, त्याच्या टोकाला स्क्रूसारखी गुंडाळी असते, ती हृदयाच्या आतल्या भिंतीत रुतते. काकाजी ताठ बसले. किती फेरे? डॉक्टरांनी सांगितलं की सव्वा-दीडच्या आसपास, पडद्यावर बघत बघत, आणि मग हलकेच ओढून बघतो की नीट धरलंय की नाही. काकाजींच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आदर उमटला. ओढून बघणारा माणूस त्यांना सगळ्या इस्पितळात हा पहिलाच भेटला होता. तरी त्यांनी घसा खाकरला. सारं झाल्यावर वरून अर्धा फेरा द्याल ना, म्हणजे काळजी नको.

"नाही काकाजी," डॉक्टर म्हणाले, "जास्त आवळलं तर भिंत फाटते."

काकाजींनी यावर इतका वेळ विचार केला की डॉक्टर उगाच स्टेथोस्कोप गळ्यातून काढून परत घालू लागले. तलावाचं गेट, गॅस, नळ, बरण्या, चष्मे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. मग म्हणाले, ठीक आहे जी, तुमच्या हिशेबानं करा.

जुनी डबी निघाली, जंतूंची औषधं झाली, रक्त तपासून झालं, आणि मग ते यंत्र बसवलं. बसवायला तासाभराच्या आतबाहेर लागलं. काकू आणि मी बाहेर बाकावर. काकूंच्या हातात काकाजींचा पेचकस होता, इस्पितळात आत नेऊ देत नाहीत म्हणून काढून घेतलेला. त्या तो पदरात गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. दार उघडलं तेव्हा त्या उठल्याच नाहीत, मीच पुढे गेले. डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि म्हणाले, बसलं, ओढून पाहिलं. मागे वळून मी काकूंना ते सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

मुर्रीत परत आल्यावर काकाजींची पंचाईत झाली. बघायला माणसं आली, कुठे बसवलं दाखवा म्हणाली, आणि दाखवायला काहीच नव्हतं. जुनी डबी काढलेल्या जागी नुसता व्रण. नवं कुठून घातलं, तर मांडीतून. मांडीतून घातलं आणि बसवलं छातीत? माणसं एकमेकांकडे बघायची. एका शेजाऱ्याने तर काकूंना बाजूला घेऊन विचारलं की नागपूरवाल्यांनी नक्की बसवलं ना, का नुसतीच पट्टी बांधून पाठवलं? पहिल्या वेळी जो मान मिळाला होता तो पार गेला. काकाजी नाराज झाले. वाद घालायलाही त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

त्यांची खरी अडचण ही नव्हती, हे मला आणि काकूंना ठाऊक होतं. हात सवयीने खांद्याखाली जायचा आणि रिकामा परत यायचा. दिवेलागणीची फेरी सुरू झाली होती, नळ पुन्हा हलेनासे झाले होते, म्हणजे तब्येत सुधारत होती. पण मधेच काकाजी थांबायचे, अंगणात उभे राहायचे, आणि तोंडावर तीच इस्पितळातली भीती यायची. तेव्हा काकू हातातलं काम टाकून उठायच्या. डॉक्टरांनी त्यांना मनगटावरची नाडी बघायला शिकवली होती. त्या काकाजींचं मनगट धरायच्या, डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, चालू आहे. मग काकाजी पुढच्या कडीकडे वळायचे. हे रोज चालायचं. पहिल्यांदा मला त्यात गंमत वाटली, नंतर मी खिडकीतून मुद्दाम बघायला लागले, आणि पुढे पुढे बघणं सोडून दिलं, कारण ते आपण बघण्यासारखं नाही असं वाटायला लागलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मुर्रीत ते कुणी करतही नाही.

मग काकूंच्या भाचीचं लग्न निघालं, अर्जुनी मोरगावच्या बाजूला. काकाजींना प्रवास झेपला असता, डॉक्टरांची परवानगीही होती, पण म्हशीपाशी कुणीतरी हवं म्हणून ते मागे राहिले. काकू जायला तयार नव्हत्या, त्यांनीच ढकलून बसमध्ये बसवलं. मला काकूंनी जाताना शंभर सूचना दिल्या, त्यात काकाजींना वरण जास्त तिखट देऊ नका हीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायला निघाले, तर काकाजी जिन्याच्या पायथ्याशी उभे. न्हाऊन, स्वच्छ शर्ट घालून. मला वाटलं नळ आवळायला वर येतायत. पण ते तिथेच उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी डावा हात पुढे केला, मनगट वर करून.

"जरा पाहता काय, मॅडम?"

मी पिशवी खाली ठेवली. मनगट धरलं. नाडी शोधायला मला थोडा वेळ लागला, मग सापडली. एकसारखी चालू होती, शहाण्या मुलासारखी. मी नीट खात्री करून घेतली आणि वर्गात उत्तर बरोबर आलं की सांगते त्या आवाजात सांगितलं, "चालू आहे, काकाजी. अगदी झकास."

मी हात सोडला. त्यांनी मात्र हात मागे घेतला नाही. तसाच पुढे धरून ठेवला, आणि अंगणातल्या म्हशीकडे बघत, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले,

"तुमची काकू जास्त वेळ धरते."